उडीद आणि तूर

पहाटे फोन वाजला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात. गाय माजावर आलेली असते, नाहीतर व्यायला अडलेली असते. त्या पहाटे भीमेच्या काठावरच्या एका वस्तीवरून फोन आला, "डॉक्टर, गाय व्याली. कालवड झालीय. पण तुम्ही जरा येऊन बघा." आवाजात आनंद नव्हता. आमच्याकडे कालवड झाली की माणूस आधी पेढ्यांची भाषा करतो. म्हणून मी चहा न घेताच गाडी काढली.

मी डॉक्टर नाही. गोठ्यावर जाऊन गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. लोक मानानं डॉक्टर म्हणतात. एकवीस वर्षं झाली. गाडीच्या मागं नायट्रोजनचं तीन लिटरचं कंटेनर, त्यात उणे १९६ अंशांवर गोठवलेल्या रेताच्या कांड्या, खिशात वही. माझी निम्मी गावं शिरूर तालुक्यात आणि निम्मी दौंडमध्ये. न्हावऱ्याहून निघायचं, भीमेवरचा पूल ओलांडायचा, की पारगाव लागतं आणि पुढं केडगाव-चौफुला. दोन्ही अंगांना ऊस. पूर्वी रात्री आठलाही हाक आली तरी जायचो; आता बिबट्यामुळं लोकच सांगतात, उजेडात या.

गोठ्यात शिरलो आणि प्रकरण लक्षात आलं. गाय काळी-पांढरी, चांगली उंच, तिसऱ्या वेताची. आणि तिच्या पुढ्यात, अजून ओलं असलेलं, तांबडं-पांढरं वासरू. गाय त्याला चाटत होती. शेजारचे चार जण जमले होते. मालक माझ्याच वयाचा, आम्ही एकमेकांना दादा म्हणतो. त्यानं वर न बघताच विचारलं, "मी होस्टन सांगितलं होतं. तुम्ही जर्सीची कांडी भरली ना?"

हा आरोप साधा नाही. काळ्या-पांढऱ्या कालवडीला काष्टीच्या बाजारात जो भाव मिळतो, तो तांबडीला मिळत नाही. आणि माझा धंदा सगळा विश्वासावर. कांडी पाव मिलीलिटरची, तिच्यात साधारण दोन कोटी शुक्रजंतू. कुठल्या वळूचे हे डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही. मी वही उघडली, तारीख दाखवली, वळूचा नंबर दाखवला, एचएफ, म्हणजेच होस्टन, लिहिलेलं दाखवलं. दादा म्हणाला, "वही तुमचीच." खरंच होतं ते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आजीनं दिलं. ओट्यावर बसून ती लसूण सोलत होती. म्हणाली, "अरं, हिची आजी तांबडीच होती की. तुझ्या बापानं काष्टीवरनं आणलेली. लांब कानांची." सगळे गप्प झाले. दादाला ती गाय आठवली. तांबडी, कपाळ फुगीर, गीरचं रक्त असलेली. तिला होस्टन भरवलं, तेव्हा काळीभोर कालवड झाली, पोटाखाली आणि कासेजवळ तेवढं पांढरं. त्या काळीला पुन्हा होस्टन भरवलं, तेव्हा ही काळी-पांढरी. दोन पिढ्या तांबड्या रंगाचा मागमूस नव्हता, म्हणून घरातले लोक तो विसरले होते. गायीच्या रक्तात तो होताच.

हे मी शिकलो होतो. प्रशिक्षणात प्रभावी आणि अप्रभावी हे शब्द पाठ केले होते. पण ते शब्द त्या गोठ्यात कामाचे नव्हते. मी वहिनींना म्हटलं, मूठभर अख्खे काळे उडीद आणि मूठभर अख्खी तूर द्या. दोन वाट्या घेतल्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत दोनच दाणे टाकले, एक उडीद, एक तूर. दादाचा मुलगा सहावीत होता, त्याला डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, आईच्या वाटीतला एक दाणा उचल, बापाच्या वाटीतला एक उचल. जे दोन हातात आले, ते वासरू. हातात एक जरी उडीद आला तरी वासरू काळं. दोन्ही तूर आल्या तरच तांबडं. आता बघ, आई काळी आहे, बाप काळा आहे, कारण दोघांकडे एकेक उडीद आहे. पण तूर दोघांकडेही आहे, ती दिसत नाही एवढंच.

पोरानं दाणे उचलले, बघितले, पुन्हा वाटीत टाकले. पहिल्या आठ वेळांत एकदाही तूर-तूर आली नाही. दादा म्हणाला, "बघा." मग लागोपाठ तीनदा आली. चाळीस वेळा उचलून झालं तेव्हा मोजलं, अकरा वेळा तूर-तूर. चारांत एक म्हणजे दहा व्हायला हवे होते. मी सांगितलं, चारांत एक म्हणजे दर चौथं वासरू तांबडं असं नाही. दर खेपेला वाटी नव्यानं भरलेली असते, मागच्या वेळी काय निघालं ते तिला माहीत नसतं. गावात पोळ्याला कोण पुढं जाणार याच्या चिठ्ठ्या टाकतात, तसंच.

वळूकडे तूर होती हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्या वळूचं माहितीपत्रक काढलं. परदेशी वंशावळीचा होता. नावापुढं बारीक अक्षरांत 'आरसी' लिहिलं होतं. काळा वळू, पण लाल रंगाचा वाहक. ही दोन अक्षरं मी कित्येकदा बघितली होती आणि दुधाच्या आकड्यांकडे नजर टाकून सोडून दिली होती. दुसऱ्या दिवशी ते पत्रक घेऊन वस्तीवर गेलो. दादानं हात धरून बसवलं. पेढे त्या दिवशी मिळाले.

ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मगुरूनं ब्रनोच्या मठातल्या बागेत १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं वाटाण्याचे दाणे मोजत हेच केलं. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला, पहिल्या पिढीत सगळे पिवळे आले. त्यांनाच पुढं वाढवलं तेव्हा ६०२२ पिवळे निघाले आणि २००१ हिरवे. त्यानं दाणे मोजले, आणि म्हणूनच त्याला ते कळलं. १८६६ साली छापून आलं, आणि १९०० सालापर्यंत कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. आठ वर्षं दाणे मोजायचे आणि वही नीट ठेवायची, हे काय असतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला समजतं.

आमच्या भागात मात्र गायींच्या संकराचं हे काम उशिरानं आलं आणि एका माणसाच्या हट्टानं आलं. पुण्याहून येताना दौंड तालुका लागण्याआधी पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आहे. १९४६ साली गांधीजींनी तिथं निसर्गोपचार आश्रम काढला आणि मणिभाई देसाई त्यासाठी तिथं राहिले ते कायमचे. आश्रमात त्यांनी गीर गायी सांभाळल्या, सुधारल्या. १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली. वळू शेतकऱ्याच्या दारात नेण्यापेक्षा गोठवलेलं रेत दारात न्यायचं आणि गावठी गायीच्या पोटीच संकरित वासरू जन्माला घालायचं, हे त्यांनी लावून धरलं. आज भीमेच्या दोन्ही काठांवर गोठ्यागोठ्यांत काळ्या-पांढऱ्या गायी दिसतात, त्यांच्या आज्या-पणज्या बहुतेक तांबड्या, पांढऱ्या, करड्या होत्या. लोक म्हणतात, बाहेरनं आलेल्या गायी. मी म्हणतो, पहिल्या संकरात अर्ध्या आपल्याच होत्या.

अर्ध्या, हा शब्द मी मोजून वापरतो. गायीच्या प्रत्येक पेशीत साठ गुणसूत्रं असतात, तीस जोड्या. बीजांडात आणि शुक्रजंतूत प्रत्येक जोडीतलं एकेकच जातं. तीस आईकडून, तीस बापाकडून. कुठलं एकेक जाईल, ते चिठ्ठीवर. म्हणूनच एकाच आईबापाच्या दोन बहिणी सारख्या नसतात. 'खाण तशी माती' ही म्हण गोठ्यात रोज ऐकतो, आणि ती अर्धीच खरी आहे. खाणीतली निम्मीच माती वर येते, दर खेपेला वेगळी.

ही तिसांची गोष्ट एका ठिकाणी फार जड होते. पाटसच्या बाजूला एका घरी गायीला लागोपाठ तिसरा गोऱ्हा झाला. मालक म्हणाला, "ही गोऱ्हेच देती. विकून टाकतो." मी त्याला सांगितलं, गायीच्या बीजांडात एक्स गुणसूत्रच असतं, दुसरं तिच्याकडे नाहीच. एक्स येऊन कालवड होणार की वाय येऊन गोऱ्हा, हे कांडीतून ठरतं. तिच्यावर राग काढून काय उपयोग? दारात त्याची बायको उभी होती, हातात धारेची बादली. तिला दोन मुली. सासू आत चुलीपाशी. तिनं मला विचारलं, "माणसातबी असंच असतं का, डॉक्टर?" मी म्हटलं, "असंच असतं वहिनी. अगदी असंच." ती काही बोलली नाही. बादली खाली ठेवून आत गेली. आतून भांड्याचाही आवाज आला नाही. पुढं त्या घरी गेलो की ती मला न विचारता चहा आणते.

आता कालवडच व्हावी म्हणून वेगळ्या केलेल्या कांड्या मिळतात. एक्स असलेल्या शुक्रजंतूत जनुकद्रव्य सुमारे चार टक्के जास्त असतं, त्या फरकावर यंत्र ते वेगळे काढतं; शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या या तंत्राची सुरुवात झाली, त्याच कार्यक्रमात गायी-म्हशींची जनुकीय पारख करणारी चिपही आली. शेतकऱ्याला याचा फायदा आहे, मी स्वतः त्या कांड्या भरतो. गोऱ्ह्याला आज गोठ्यात काम नाही, त्याचे हाल मी बघतो. पण कंटेनरचं झाकण उघडताना ती बादली घेतलेली बाई मला आठवते. माणसात गर्भाचं लिंग तपासणंसुद्धा १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे. या कांडीबद्दल बोलताना घरातल्या बायका ऐकत असतील तर ते वाक्य मी मुद्दाम जोडतो.

रंग एक-दोन दाण्यांवर ठरतो म्हणून समजावून सांगता येतो. दुधाचं तसं नाही. शेतकरी विचारतो, "या वळूनं किती लिटर वाढंल?" त्याला मी आकडा देत नाही. दूध शेकडो, हजारो जनुकांचं मिळून असतं, प्रत्येकाचा वाटा थेंबाएवढा. आणि वळू स्वतः दूध देत नाही. त्याच्या लेकी व्याल्या, त्यांचं दूध मोजलं, की मग बापाची किंमत कळते. चांगल्या नोंदी ठेवलेल्या कळपांतही गायी-गायींतल्या दुधाच्या फरकापैकी साधारण पाव ते तिसरा हिस्साच वारशातून आलेला असतो. बाकीचा गोठा, वैरण, पाणी, ऊन.

एकाच वळूच्या दोन कालवडी मी भरवलेल्या आहेत, त्यांच्या आयाही सख्ख्या बहिणी. एक राहूच्या बागायतीत, मुक्त गोठा, मुरघास बारा महिने. दुसरी कान्हूर मेसाईकडं, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात आणि ऊसतोडीच्या दिवसांत लांबून वाढं आणून गायीपुढं टाकतात. पहिलीनं पहिल्या वेतात दिवसाला बावीस लिटरपर्यंत दूध दिलं. दुसरीनं बारा. दुसरीचा मालक मला म्हणाला, "कांडी हलकी निघाली." कांडी तीच होती. मी त्याला राहूचा गोठा दाखवायला नेलं, एक दिवस मोडून. तो तिथं गव्हाणीत हात घालून मुरघास नाकाशी धरून उभा राहिला. परत येताना गाडीवर म्हणाला, "गाय दोघांचीबी सारखीच हाय. मी सारखा न्हाई." मला ते ऐकवलं नाही. पाऊस त्याच्या हातात नव्हता.

आणि जन्मतः आलेलं सगळंच वारशाचं असतं, हाही समज मला मोडावा लागतो. जुळी झाली, एक गोऱ्हा आणि एक कालवड, की लोक ती कालवड हौसेनं सांभाळतात. अशा दहा कालवडींतल्या नऊ तरी कधीच गाभण राहत नाहीत. पोटात असताना दोघांच्या वारांच्या रक्तवाहिन्या जुळतात, गोऱ्ह्याचं रक्त आणि संप्रेरकं तिच्यात जातात, आणि तिचं गर्भाशय नीट घडत नाही. तिच्या आईबापाच्या रक्तात दोष नसतो. तिची आई पुढं खुशाल भरवा. हे वेळेवर सांगितलं तर दोन-अडीच वर्षांचा चारा वाचतो.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून झाली आहे. धंद्याची सुरुवातीची वर्षं होती. दिवसाला दहा-बारा गायी, धावपळ, वही कधी भरायचो, कधी संध्याकाळी आठवून भरायचो, कधी नाहीच. एका घरी मी एका वळूची कांडी भरली होती, कालवड झाली, गोजिरी. ती मोठी होऊन माजावर आली तेव्हा माझ्याकडे त्याच वळूच्या कांड्या पुन्हा आल्या होत्या. बापाचा नंबर लिहिलेला नव्हता. मी भरली. बाप आणि लेक. नऊ महिन्यांनी वासरू आलं ते पुढचे पाय आत वळलेलं, उभं राहता येईना. बाटलीनं चीक पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.

पाय वळण्याची कारणं बरीच असतात, हे मला माहीत आहे. पण बापाशी लेकीचा संकर झाला की वासराच्या दर चार जनुकजोड्यांत एक जोडी अशी होते की दोन्ही दाणे एकाच जुन्या दाण्याच्या नकला असतात. बापाच्या वाटीत कुठं वाईट तूर लपली असेल तर ती दोन्ही बाजूंनी येऊन जोडीला बसायची शक्यता फार वाढते. मालकाला मी खरं सांगितलं. तो गरीब माणूस, म्हणाला, "देवाची मर्जी." मी म्हटलं, देवाची नव्हे, माझी चूक. त्या संध्याकाळी मी दुकानातून जाड पुठ्ठ्याची वही आणली. आज अशा सतरा वह्या आहेत. गायीचा बिल्ला, बाराआकडी. बापाचा नंबर, आईच्या बापाचा नंबर, तारीख. नंबर बघितल्याशिवाय मी कांडी वितळवत नाही. कोमट पाणी, सदतीस अंश, तीस सेकंद, आणि त्याआधी वही.

लोकांना याचं महत्त्व पटवायला मी शिरूरच्या बैलगाडा शर्यतींचं उदाहरण देतो. घाटात पळणाऱ्या खिलार खोंडाचा बाप कोण, आजा कोण, कुठल्या गावच्या कोणत्या गायीचा, हे शर्यतीचा शौकीन झोपेतही सांगतो. आणि ज्या गायीच्या दुधावर घर चालतं, पोरीची फी भरली जाते, तिचा बाप कोण, हे त्याच घरात कुणाला माहीत नसतं. मला याचं वाईट वाटतं. खिलारची वंशावळ तोंडपाठ ठेवणारी स्मरणशक्ती आपल्याकडं आहे, ती फक्त गोठ्याकडे वळवायची राहिली आहे.

तांबडी कालवड त्या वस्तीवर वाढली. दादानं ती विकली नाही. पोरानं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तिचं नाव, जन्मतारीख आणि खाली बापाचा नंबर लिहून ठेवला; पावसात पुसला की परत लिहायचा. परवा फोन त्याचाच आला. आता आठवीत आहे. "डॉक्टर, सकाळपासनं हंबरतीय. सोट काचेसारखा हाय." मी सांगितलं, संध्याकाळी येतो, उजेड असताना.

गेलो तेव्हा त्यानं भिंतीवरचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवला, मी वहीतला वाचला. जुळला. दुसऱ्या वळूची कांडी निवडली, ज्याच्या पत्रकात लाल रंगाचा वाहक असल्याची खूण नव्हती. कांडी पाण्यात टाकली. पोरगं घड्याळ बघत होतं. मग विचारलं, "याच्या वाटीत तूर नाही ना?"

"नाही. दोन्ही उडीद."

तो थोडा वेळ तांबडीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "हिच्याकडं तर दोन्ही तूरच हायेत. म्हणजे वासरू काळंच येणार. पण त्याच्या आत एक तूर असणार."

"असणार," मी म्हटलं. त्यानं कोळसा उचलला आणि बापाच्या नंबराखाली नवा नंबर लिहायला सुरुवात केली.